वळिवड्याहून इंग्लंडच्या खेड्यात : पोलिश बायांनी पुन्हा मांडलेला संसार



आज आम्ही तुम्हाला जरा लांबची गोष्ट सांगणार आहोत. पण गोष्टीची सुरुवात आपल्याच जिल्ह्यातली आहे.

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या चौघीजणी कापड आणायला गांधीनगरच्या बाजारात गेलो होतो. परकर आणि ब्लाऊजचं अस्तर तिथं ठोकात स्वस्त पडतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कापड मोजून होईपर्यंत बसलो, तर दुकानातले म्हातारे सिंधी काका बोलायला लागले. म्हणाले, "फाळणी झाल्यावर आमची माणसं इथं आली, तेव्हा ही जागा म्हणजे रिकामी छावणी होती. आमच्या आधी इथं पोलंडची माणसं राहायची. बहुतेक बायका आणि पोरं." आमच्यातली एक पटकन म्हणाली, "मग त्या बाया इथून गेल्या कुठं?"

काकांना ते सांगता आलं नाही. आम्ही परत आलो, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. मग आम्ही वाचलं, विचारलं, शोधलं. त्यातलं जे हाती लागलं ते आज सांगतो.

घर सुटलं ते असं

पोलंड हा युरोपातला देश. एका बाजूला जर्मनी, दुसऱ्या बाजूला तेव्हाचा सोव्हिएत रशिया. 1 सप्टेंबर 1939ला जर्मनीनं पश्चिमेकडून हल्ला केला आणि 17 सप्टेंबरला रशियाचं सैन्य पूर्वेकडून घुसलं. दोघांनी मिळून देश वाटून घेतला.

पूर्वेकडच्या खेड्यांत शेतकरी होते, जंगलखात्याची माणसं होती, शिक्षक होते, सैनिकांची कुटुंबं होती. 10 फेब्रुवारी 1940ला, ऐन थंडीत, तिथं पहिली मोठी धरपकड झाली. रात्री दारावर थाप पडायची. दारात बंदूकवाले शिपाई. थोडक्या वेळात मिळेल ते गाठोड्यात बांधायचं आणि निघायचं. कुठं, ते सांगत नसत. जनावरं नेण्याच्या आगगाडीच्या डब्यांत माणसं कोंबली आणि आठवडेच्या आठवडे प्रवास करून सैबेरियाच्या जंगलांत, कझाकस्तानच्या माळांवर नेऊन सोडली. पुढच्या वर्षभरात अशा आणखी खेपा झाल्या. लाखो माणसं गेली. जंगलात झाडं तोडायची, तेव्हा भाकरीचा तुकडा मिळायचा. थंडी, भूक आणि तापानं म्हातारी माणसं आणि लहान मुलं आधी गेली.

1941 साली जर्मनी रशियावरच उलटला. आता रशियाला मित्र हवे होते. म्हणून पोलिश कैद्यांना सोडायचं आणि त्यांची फौज उभी करायची असं ठरलं. जनरल अँडर्स यांनी ही फौज उभी केली. 1942 साली ही फौज आणि तिच्यामागे निघालेल्या हजारो बायका-मुलं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला पोहोचली. तिथून पुरुष लढाईला गेले. पण बायका-मुलांना ठेवायचं कुठं? काही आफ्रिकेत गेली, काही मेक्सिकोत, काही न्यूझीलंडला. आणि काही हिंदुस्थानात.

जामनगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला. आणि 1943 साली आपल्या कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला मोठी छावणी उभी राहिली. जवळजवळ पाच हजार माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. तिथं त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. पंचगंगेत पोरं पोहायची, बाया कोल्हापूरच्या बाजारात भाजी घ्यायच्या. पाच वर्षं त्या आपल्या मातीत राहिल्या. एक मुलगी तर लग्न करून कोल्हापूरचीच झाली.

लढाई जिंकली, पण माहेर गेलं

इकडे बायका वळिवड्याला होत्या, तिकडे त्यांचे नवरे, भाऊ, थोरली मुलं इंग्रजांच्या बरोबरीनं लढत होती. 1940 साली इंग्लंडवर जर्मन विमानं चालून आली, तेव्हा पोलिश वैमानिकांनी ती पाडली. त्यांची 303 नंबरची तुकडी तेव्हा फार गाजली. मे 1944मध्ये इटलीतल्या मोंते कॅसिनोच्या डोंगरावर अनेक हल्ले वाया गेल्यावर पोलिश सैनिकांनी वर जाऊन आपला झेंडा लावला. तिथल्या त्यांच्या दफनभूमीत हजाराहून जास्त थडगी आहेत.

1945 साली लढाई संपली. आता घरी जायचं, असं कुणालाही वाटेल. पण घर उरलं नव्हतं. फेब्रुवारी 1945मध्ये याल्टा गावात इंग्लंड, अमेरिका आणि रशियाचे पुढारी बसले. पोलंडचा पूर्वेकडचा भाग रशियाला द्यायचा, हे तिथं पक्कं झालं. ज्या गावांतून या बायांना उचलून नेलं होतं, नेमकी तीच गावं गेली. उरलेल्या पोलंडमध्येही रशियाच्या मर्जीतलं सरकार बसलं. सैबेरिया भोगून आलेल्या माणसांनी त्या राज्यात कशाच्या भरवशावर परत जावं?

मैत्रिणींनो, आपण सगळ्याजणी लग्न होऊन परक्या गावात आलोय. नव्या घरात जीव रमेना तेव्हा कशाचा आधार असतो? माहेर आहे, याचा. जायला मिळो न मिळो, ते तिथं आहे एवढं पुरतं. या बायांचं माहेर होतं तिथंच होतं, पण ते दुसऱ्या देशाचं झालं होतं. त्यांची भाषा बोलणारे शेजारीही तिथून हलवले गेले.

इंग्लंडनं काय केलं

लढाई संपली तेव्हा इंग्रजांच्या हाताखाली दोन लाखांहून जास्त पोलिश सैनिक होते. त्यांचं करायचं काय? बऱ्याच इंग्रजांना वाटत होतं की त्यांनी परत जावं. काहीजण गेलेही. पण बहुतेकांनी नकार दिला.

मग 1946 साली पोलिश पुनर्वसन दल काढलं. याचं काम असं चालायचं. सैनिकानं दोन वर्षांसाठी नाव घालायचं. तेवढ्या काळात पगार चालू राहील, इंग्रजी शिकायचं, काहीतरी धंदा शिकायचा, आणि काम मिळालं की दलातून बाहेर पडायचं. 1947 साली संसदेत पोलिश पुनर्वसन कायदा झाला. राहायची जागा, दवाखाना, मुलांचं शिक्षण, म्हाताऱ्यांचा आणि अपंगांचा सांभाळ, हे सगळं त्यात आलं. परक्या लोकांना एवढ्या मोठ्या संख्येनं वसवण्यासाठी त्या देशानं केलेला हा पहिलाच कायदा.

आणि सैनिकांच्या बायका-मुलांनाही आणायचं ठरलं. वळिवड्याला पत्रं आली. ज्यांचं कुणी फौजेत होतं त्यांना मुंबईहून बोटी मिळाल्या. काही कुटुंबं पोलंडला परतली, काही आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात गेली. 1948मध्ये छावणी मोकळी झाली, आणि त्याच जागेत आपलं सर्वस्व सोडून आलेली सिंधी माणसं राहायला आली. एका बेघराची जागा दुसऱ्या बेघरानं घेतली. आपलं गांधीनगर उभं राहिलं ते असं.

पत्र्याच्या घरातलं गाव

आता बोटीबरोबर आपणही तिकडं जाऊ. इंग्लंडच्या पश्चिम भागात कॉट्सवोल्ड नावाच्या टेकड्या आहेत. हिरवी कुरणं, चरणारी मेंढरं, पिवळसर दगडाची जुनी घरं. त्यातच ब्लॉकली नावाचं खेडं आहे. या खेड्याजवळ, नॉर्थविक पार्क नावाच्या एका जमीनदाराच्या रानात, लढाईत अमेरिकन सैन्यानं दवाखाना बांधला होता. लढाई संपली, सैन्य गेलं, आणि त्या रिकाम्या दवाखान्यात पोलिश कुटुंबं आली. पुढची वीसेक वर्षं तिथं पोलिश गाव नांदलं.

अशा छावण्या देशभर होत्या. ऑक्टोबर 1946मध्ये सुमारे 1 लाख 20 हजार पोलिश सैनिक 265 छावण्यांमध्ये राहत होते. बहुतेक छावण्या खेड्यापाड्यांत, कारण सैन्याचे जुने तळ आणि विमानतळ तिथंच होते. शहरातली घरं बाँबनं पडलेली. इंग्रज कुटुंबांनाच घरं नव्हती, तर यांना कुठून मिळणार?

राहायचं कशात, तर निसेन हटमध्ये. पत्र्याचं मोठं पिंप मधोमध उभं चिरावं आणि अर्धं पिंप जमिनीवर पालथं घालावं, तसं ते घर. भिंत आणि छप्पर एकच, तेही पन्हाळी पत्र्याचं. दोन टोकांना दार-खिडकी, मध्ये कोळशाची एक शेगडी. शेगडीजवळ बसलं तर तोंड भाजायचं आणि पाठ गारठायची. थंडीत आतल्या वाफेचं पाणी होऊन पत्र्यावरून अंथरुणावर टपकायचं. एका हटमध्ये कधी दोन कुटुंबं, मध्ये घोंगडीचा पडदा. न्हाणीघर आणि संडास बाहेर, सगळ्यांचे मिळून. त्यात 1946-47ची थंडी इंग्लंडनं वर्षानुवर्षं पाहिली नव्हती इतकी कडक. वळिवड्याच्या उन्हात वाढलेल्या पोरांचं तिथं काय झालं असेल!

पण हटपेक्षा मोठी गोष्ट होती ती माणसांची. कितीतरी कुटुंबं सात-आठ वर्षांनी एकत्र येत होती. नवरा गेला तेव्हा मूल पाळण्यात होतं. आता ते शाळेत जाणारं झालेलं. बापानं हात पुढं केला की मूल आईच्या मागं लपायचं. या बायांनी सैबेरियात झाडं तोडली होती, परक्या देशांत एकटीनं पोरं वाढवली होती, घरातला प्रत्येक निर्णय स्वतः घेतला होता. आणि आता शेजारी एक माणूस आला होता, ज्याच्याबद्दल ओढ होती पण ओळख राहिली नव्हती. त्याच्याही डोळ्यांसमोर लढाई होती. तेव्हा संसार नव्यानं मांडायचा म्हणजे नवऱ्याशीही नव्यानं ओळख करून घ्यायची. काहींचं जुळलं, काहींचं नाही. आणि ज्यांचं कुणी परतलंच नाही, अशा विधवाही त्याच रांगेतल्या हटमध्ये राहत होत्या.

गावकऱ्यांना काय वाटलं

आता दुसरी बाजूही ऐकूया, कारण ती समजल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.

इंग्लंड लढाई जिंकलं होतं, पण कंगाल झालं होतं. लढाईनंतरही रेशन सुटलं नव्हतं. 1946 ते 1948 या काळात तर पावसुद्धा रेशनवर मिळायचा. लढाईच्या दिवसांतही तो मोकळा मिळत होता! मांसावरचं रेशन उठायला 1954 साल उजाडलं. अशा वेळी गावाबाहेर हजार-पाचशे परकी माणसं येऊन राहिली, तर लोक काय म्हणणार? "आमचीच चूल पेटायची मारामार, त्यात हे कशाला?" कामगारांच्या युनियनांना भीती होती की हे कमी पैशात राबतील आणि आमचं काम जाईल. खाणकामगारांनी आणि शेतमजुरांच्या पुढाऱ्यांनी त्यांना घ्यायला विरोध केला. भाषा वेगळी, देवळात जायची रीत वेगळी, नावं उच्चारता येत नाहीत. भिंतींवर "परत जा" असंही लिहिलं गेलं.

पोलिश लोकांच्या मनातही सल होता. 8 जून 1946ला लंडनमध्ये विजयाचं मोठं संचलन झालं. देशोदेशींचे सैनिक त्यात चालले. पोलिश फौज मात्र त्यात नव्हती. रशियाला दुखवायचं नाही म्हणून सरकारनं फक्त वैमानिकांना बोलावलं. बाकीच्या भावांना सोडून आम्ही कसे चालू, असं म्हणून तेही गेले नाहीत.

कामाचंही तसंच. ज्या कामाला इंग्रज माणूस मिळत नाही ते काम पोलिश माणसाला. खाण, वीटभट्टी, शेती, कापडगिरणी, बांधकाम. वकील, शिक्षक, अंमलदार विटा वाहू लागले. जनरल माचेक म्हणजे रणगाड्यांच्या फौजेचा सेनापती, त्याला इंग्रज सरकारचं पेन्शन मिळालं नाही. तो एडिंबरोच्या हॉटेलात दारू भरून द्यायचं काम करायचा. छत्रीधारी सैनिकांचा सेनापती सोसाबोव्स्की कारखान्याच्या गोदामात कामाला लागला. सेनापतींची ही गत, तर बाकीच्यांचं काय विचारता?

बायांनी काय काय उभं केलं

सरकारनं पत्रा दिला, कोळसा दिला, काम दिलं. पण एवढ्यानं गाव होतं का? आम्हाला सगळ्यात जास्त भावलं ते यापुढचं.

सुरुवातीला बऱ्याच छावण्यांत जेवण सामायिक असायचं. एक मोठं स्वयंपाकघर, रांगेत उभं राहायचं, ताटलीत पडेल ते खायचं. बायांना ते सोसेना. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या हातचं खाल्लं होतं, आता स्वतःची चूल हवी होती. मग हटमधल्या शेगडीवरच भांडी चढली. हटच्या भोवती वाफे झाले. बीट, कोबी, बटाटा, काकडी, शेपू लावला. कोंबड्या आल्या. कोबी बारीक चिरून मिठात दाबून आंबवायचा, काकड्या शेपू घालून खारवायच्या, म्हणजे थंडीची तजवीज झाली. बिटाचं आंबट सार. आणि पिएरोगी, म्हणजे आपल्या करंजीसारखा आकार, आत बटाटा किंवा कोबीचं सारण, पण तळायची नाही, पाण्यात उकडायची. पावसाळी दिवसांत त्या पोरांना घेऊन जंगलात जायच्या आणि टोपल्या भरून अळंबी आणायच्या. इंग्रज शेजारी घाबरून बघायचे, की ही माणसं विषबाधा होऊन मरणार! पण कुठली खायची आणि कुठली नाही, हे त्या आईकडून शिकलेल्या होत्या. माहेर गेलं तरी आईनं शिकवलेलं हातात राहिलंच.

दुसरी गोष्ट शाळेची. पोलिश मुलांच्या शिक्षणासाठी 1947 साली सरकारनं खास समिती नेमली, तिनं 1954पर्यंत काम केलं. मुलं इंग्रजी शिकली, गावातल्या शाळेत जाऊ लागली. पण आयांना भीती, की पोरं आपली भाषा विसरतील. म्हणून शनिवारची शाळा निघाली. आठवडाभर इंग्रजी शाळा, आणि शनिवारी पोलिश वाचायचं, लिहायचं, आपला इतिहास, आपली गाणी. शिकवायला कोण? छावणीतल्याच बाया आणि धर्मगुरू. पोरं कुरकुरायची, कारण शेजारची इंग्रज पोरं तेव्हा खेळत असायची. पण शाळा चालू राहिल्या. शनिवारच्या पोलिश शाळा इंग्लंडात आजही भरतात.

तिसरी गोष्ट सणांची. एखादी हट साफ करून तिचं चर्च केलं. नाटकं बसवली, नाचाचे कपडे घरी शिवले आणि भरतकाम केलं. नाताळच्या आदल्या रात्री तर बघायलाच नको. पहिली चांदणी दिसेपर्यंत उपास. मग मांस नसलेले बारा पदार्थ. मेजावर पांढरं कापड, त्याखाली थोडं वाळलेलं गवत. जेवायच्या आधी गव्हाच्या पिठाची कागदासारखी पातळ पापडी एकमेकांनी मोडून खायची आणि झालं-गेलं विसरायचं. आणि एक ताट जास्तीचं मांडायचं, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी. ज्यांच्या घरचं कुणी सैबेरियातच राहिलं, त्या बाया त्या रिकाम्या ताटाकडे कशा बघत असतील, ते आम्ही काय सांगणार?

अंतर कमी झालं ते कशानं

गावकऱ्यांची आणि त्यांची गाठ भाषणांनी पडली नाही, कामानं पडली. बटाटे काढायला माणसं लागायची, पोलिश बाया जायच्या. कारखान्याची बस छावणीच्या फाटकाशी यायची, त्याच बसमध्ये गावातल्या बायाही असायच्या. मुलं शाळेत एका बाकावर बसली. फुटबॉल खेळली. छावणीत नाच असला की गावातले तरुण यायचे. मग लग्नंही झाली. ज्यांना आधी परके म्हणायचे ते हळूहळू आपल्या गिऱ्हाइकांतले, आपल्या वर्गातले, आपल्या जावयांतले झाले.

आणि चौथी गोष्ट पैशाची. ही आपल्या गटांनी कान देऊन ऐकावी. बँका या लोकांना सहज कर्ज देत नसत. मग दोन-तीन कुटुंबं पैसे एकत्र करून शहरात एक जुनं घर घ्यायची. प्रत्येक कुटुंबाला एक-दोन खोल्या, स्वयंपाकघर सगळ्यांचं. उरलेली खोली नव्यानं आलेल्या पोलिश माणसाला भाड्यानं. त्या भाड्यातून हप्ता फिटायचा. एकाचं फिटलं की तो दुसऱ्याला हात द्यायचा. चर्चसाठी, क्लबसाठी, शाळेसाठीही अशीच वर्गणी. वेल्समध्ये पेनरोस इथं तर सैन्याच्या जुन्या तळावर त्यांनी 1949 साली स्वतःची गृहनिर्माण संस्था काढून म्हाताऱ्यांसाठी गावच वसवलं. बचत गट हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, पण काम तेच होतं.

1951च्या जनगणनेत पोलंडमध्ये जन्मलेली सुमारे 1 लाख 62 हजार माणसं ब्रिटनमध्ये मोजली गेली. पुढं एकेक कुटुंब छावणी सोडून शहरात गेलं. 1960नंतरच्या दशकात नॉर्थविक पार्कही रिकामं झालं. आज त्या जागेत छोट्या उद्योगांची गाळे-वसाहत आहे.

जे भरून आलं नाही ते

सगळं गोड झालं असं आम्ही म्हणणार नाही. पोरं इंग्रजी बोलू लागली, पण कितीतरी आयांना ती भाषा कधीच नीट आली नाही. दिवसभर हटमध्ये, वाफ्यात किंवा कारखान्याच्या मशीनसमोर, बोलायचं कुणाशी? डॉक्टरकडं जायचं तर दहा वर्षांच्या मुलीला बरोबर न्यायचं. आईचं बाईपणाचं दुखणं मुलीनं डॉक्टरला सांगायचं! पोलंडमधल्या बहिणीला पत्र आणि पार्सल जायचं, पण 1956 साली तिथं जरा मोकळीक येईपर्यंत भेट दुर्मीळ. काहींची आईशी भेट झालीच नाही.

डेव्हन भागात इल्फर्ड पार्क नावाची अशीच एक छावणी होती. लोक तिला छोटं पोलंड म्हणायचे. 1992 साली तिथं हटच्या जागी नवी इमारत झाली, आणि 1947च्या त्याच कायद्याखाली तिथं पोलिश म्हाताऱ्यांना सांभाळत आले. जेवण पोलिश, प्रार्थना पोलिश, सेवा करणाऱ्यांना पोलिश येतं. याचं कारण समजून घ्या. म्हातारपणी आठवण जायला लागली की नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि आईची भाषा शेवटपर्यंत राहते. पन्नास वर्षं इंग्लंडात काढलेली आजी शेवटी पाणीसुद्धा पोलिशमध्येच मागते. तेव्हा ते कळणारं कुणीतरी शेजारी हवं.

आणि आपल्याला बरं वाटेल अशी एक गोष्ट. हिंदुस्थानात राहिलेल्या या लोकांनी पुढं इंग्लंडात आपली मंडळी जमवली. ती वर्षानुवर्षं भेटत राहिली, आपल्या आठवणींचं जाडजूड पुस्तक काढलं, आणि म्हातारपणी कोल्हापूरला येऊन वळिवड्याची माती पाहून गेली. पळवून नेलेल्या बालपणातली सुखाची वर्षं कुठली, तर त्यातल्या कित्येकांनी आपल्या वळिवड्याचं नाव घेतलं.

आमच्या बैठकीत काय झालं

हे सगळं आम्ही गटाच्या बैठकीत सांगितलं. ऐकून सगळ्या गप्प. मग आमच्यातली सगळ्यात वडीलधारी आक्का म्हणाली, "कोल्हापूरनं पाच हजार जणींना सांभाळलं, हे ऐकून छाती फुगली माझी. पण दर दिवाळीनंतर आपल्या गावाच्या कडेला ऊसतोडीच्या कोप्या पडतात. चार-पाच महिने बायापोरं तिथं असतात. त्यातल्या एकीचं तरी नाव ठाऊक आहे का गं कुणाला?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही त्यांच्या जवळून रोज शेतावर जातो. हापशावर त्या पाणी भरायला आल्या की आपण घागर आधी लावतो. त्यांची पोरं शाळेच्या कुंपणाबाहेरून आत बघतात.

म्हणून यंदाच्या हंगामासाठी गटानं तीन गोष्टी ठरवल्या आहेत. कोप्या पडल्या की पहिल्याच आठवड्यात दोघीदोघींनी जाऊन नावं विचारून यायची. पोरांना अंगणवाडीत आणि शाळेत बसवण्यासाठी ताईंशी आणि गुरुजींशी बोलायचं. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनाही बोलवायचं, वेगळं नाही, आपल्याबरोबर. त्या नाताळच्या जेवणातल्यासारखं एक वाण जास्तीचं ठेवायचं.

ब्लॉकलीच्या गावकऱ्यांना पोलिश माणसं आपली वाटायला वर्षं लागली. आमच्याकडं दर हंगामाला चार-पाच महिनेच आहेत. बघू, कितपत जमतंय. काय घडलं ते हंगाम संपल्यावर याच रेडिओवर येऊन सांगू, जमलं नाही तर तेही सांगू.

तुमच्याही गावाच्या कडेला कुणी येऊन राहत असेल. एकदा जाऊन नाव विचारा, आणि आम्हाला कळवा.

येतो मग, मैत्रिणींनो. नमस्कार.